देहांतील नभोवाणी

डॉक्टरांच्या चिठ्ठींत 'एम्. आर्. आय्.' हीं तीन अक्षरें आलीं कीं बुलढाणा जिल्ह्यांतील घरांत दोन प्रश्न लागलीच उभे राहतात: जावयाचें कोठें, आणि खर्च किती? मेहकर, लोणार किंवा सिंदखेडराजा येथील मंडळींवर आजारी माणूस घेऊन अकोल्याची अगर छत्रपती संभाजीनगराची वाट धरण्याचे प्रसंग अनेकदां येतात. आणि ती वाट शंभर किलोमीटरांच्या आगेंमागें, कधीं त्याहूनहि लांबची असते. या यंत्रास दिसतें तरी काय, आणि तें दिसतें कसें, हा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आज त्या तिसऱ्या प्रश्नापासून आरंभ करूं. कारण गेल्या कांहीं वर्षांत या विद्येंत जें संशोधन झालें आहे, तें पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें पालटूं शकेल असें आहे.

क्ष-किरणांचें चित्र म्हणजे एक प्रकारची सावली होय. हाड किरणांस अडवितें, मांस त्यांस बरेंचसें जाऊं देतें, आणि हाडाची छाया उमटते. परंतु मेंदूचे निरनिराळे भाग, मज्जारज्जु, सांध्यांतील कूर्चा हीं सर्व मऊ स्थळें त्या सावलींत एकमेकांत मिसळून जातात. चुंबकीय अनुनाद-चित्रण, म्हणजेच एम्. आर्. आय्., सावली पाडीत नाहीं. तें शरीराचें बोलणें ऐकतें. आणि हें ऐकणें अक्षरशः नभोवाणीचें आहे.

आपल्या देहाचा सुमारें ६० टक्के भाग पाणी आहे, आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूंत हायड्रोजनचे दोन अणु असतात. या अणूचा गाभा म्हणजे एकच प्रोटॉन. तो एकाद्या अतिसूक्ष्म लोहचुंबकासारखा वागतो. एरवीं या असंख्य चुंबकांचीं तोंडें सर्व दिशांना असतात. परंतु त्यांना बलवान् चुंबकीय क्षेत्रांत ठेविलें, तर त्यांचा किंचित् कल त्या क्षेत्राच्या दिशेकडे होतो, आणि फिरतां फिरतां भोंवरा जसा डोलतो, तसे ते त्या दिशेभोंवतीं डोलूं लागतात. या डोलण्याचा वेग ठरलेला आहे. क्षेत्र १ टेस्ला असेल तर सेकंदास सुमारें ४ कोटि २६ लक्ष वेळां. क्षेत्र दीडपट झालें कीं वेगहि दीडपट. रुग्णालयांतील नेहमींच्या यंत्राचें क्षेत्र १.५ टेस्ला असतें, म्हणून तेथें हा वेग सुमारें ६ कोटि ४० लक्ष होतो. हा आंकडा नभोवाणीच्या लहरींच्या मुलुखांतलाच आहे.

झोपाळ्यावरील मुलास त्याच्या झोक्याच्या तालांत हलके धक्के दिले, तर झोका चढत जातो; ताल चुकला तर धक्का वायां जातो. तालाशीं जुळलेल्या या प्रतिसादास अनुनाद म्हणतात. यंत्र नेमक्या तेवढ्याच कंपनांची रेडिओ-लहर शरीरांत सोडतें व प्रोटॉन तिची शक्ति घेतात. लहर थांबतांच ते पूर्वस्थितीस येऊं लागतात, आणि येतां येतां स्वतःची अत्यंत क्षीण लहर परत पाठवितात. ती झेलण्यासाठीं रुग्णाच्या अंगाभोंवतीं तारांचीं वेटोळीं ठेविलेलीं असतात. आधीं प्रक्षेपण, मग श्रवण. आणि प्रक्षेपणाला उत्तर देणारें केंद्र आपल्या देहांतच!

याच नियमाचें एक साधें रूप भूशास्त्रज्ञ आपल्याबरोबर बाळगतात. आपल्या भागांत पृथ्वीचें चुंबकीय क्षेत्र रुग्णालयांतील यंत्राच्या सुमारें पस्तीस हजाराव्या भागाइतकें आहे. त्यांत प्रोटॉन सेकंदास सुमारें १,८०० वेळां डोलतो; आणि इतकीं कंपनें म्हणजे मनुष्याच्या कानाच्या कक्षेंतला स्वर. बाटलींत पाणी किंवा रॉकेल, भोंवतीं तारेचें वेटोळें, आणि स्वराची उंची मोजण्याची सोय, एवढ्यावर प्रोटॉन-चुंबकमापक सिद्ध होतो. स्वर किंचित् चढला कीं त्या जागीं क्षेत्र अधिक. उतरला कीं उणें. अशा मोजणीवरून जमिनीखालील खडकांविषयीं अनुमान करतां येतें. लोणारचें सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचें विवर उल्केच्या आघातानें काळ्या बसाल्ट खडकांत पडलें. त्या आघातानें खडकांच्या चुंबकत्वांत काय फरक झाला, याचा अभ्यास भूचुंबकशास्त्रज्ञांनीं केलेला आहे. धरणीचें पोट तपासणारा तो मापक आणि मनुष्याचें मस्तक तपासणारें हें यंत्र, दोन्ही एकाच नियमावर उभीं आहेत.

पदार्थांतील हा अनुनाद १९४६ सालीं फेलिक्स ब्लॉख व एडवर्ड पर्सेल यांनीं अमेरिकेंत स्वतंत्रपणें प्रत्यक्ष पकडला, आणि १९५२ सालीं त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळालें. ब्लॉख यांच्या स्टॅनफर्ड विद्यापीठांत काम करीत असतां एस्. एस्. धर्मट्टी यांनीं अर्नोल्ड आणि पॅकर्ड यांच्यासह १९५१ सालीं दाखविलें कीं, मद्यार्काच्या एकाच रेणूंतील निरनिराळ्या जागचे हायड्रोजन तीन निराळे स्वर देतात. पुढें धर्मट्टी मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आले व त्यांनीं तेथें या विद्येचा पाया घातला.

स्वर ऐकूं आला तरी तो शरीराच्या कोणत्या जागेहून आला, हें कसें कळावें? १९७३ सालीं पॉल लाउटरबर यांनीं युक्ति सांगितली: क्षेत्र एका बाजूस थोडें अधिक व दुसऱ्या बाजूस थोडें कमी ठेवावें. मग एका अंगाचा स्वर उंच येतो, दुसऱ्या अंगाचा खालचा. आणि स्वरावरून जागा ओळखतां येते. त्यांचें पहिलें चित्र पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचें होतें! इंग्लंडांतील पीटर मॅन्सफिल्ड यांनीं या पद्धतीस गणित आणि वेग दिला; २००३ चें नोबेल पारितोषिक त्या दोघांचें. त्याआधीं १९७१ सालीं रेमंड दमादियन यांस उंदरांच्या शरीरांत आढळलें होतें कीं, अर्बुदांतील प्रोटॉन निरोगी भागांतील प्रोटॉनांहून अधिक सावकाश पूर्वस्थितीस येतात. रोगी व निरोगी मांसांतील हा कालभेदच चित्रांत उजेड आणि अंधार होऊन उमटतो.

आतां अलीकडील संशोधनाकडे वळूं. त्याचे तीन प्रवाह आहेत: बल, वेग आणि लघुत्व.

बलाचें टोक पॅरिसजवळच्या साक्ले येथें पाहावयास मिळतें. तेथील यंत्राचें क्षेत्र ११.७ टेस्ला, आणि चुंबकाचें वजन १३२ टन. त्याच्या तारा उणें २७१ अंशांपर्यंत थंड ठेवण्यासाठीं हजारों लिटर द्रव हेलियम लागतो. २०२४ च्या एप्रिलमध्यें या यंत्रानें काढलेलीं जिवंत मेंदूचीं चित्रें प्रसिद्ध झालीं. मिलिमीटराच्या पांचव्या भागाइतका बारकावा त्यांत चार मिनिटांत मिळाला. मेंदूच्या रोगांचें मूळ शोधण्यासाठीं असें साधन अनमोल आहे. तें जिल्ह्याच्या रुग्णालयांत कधीं येईल, अशी अपेक्षा मात्र कोणीच करीत नाहीं.

दुसरा प्रवाह वेगाचा. पूर्ण चित्रासाठीं लागणारे सर्व स्वर एकेक करून ऐकावयाचे, तर रुग्णास दीर्घकाळ निश्चल पडून राहावें लागतें. लहान मुलास आणि वेदनेनें तळमळणाऱ्यास तें जमत नाहीं. १९९९ पासून अनेक वेटोळ्यांनीं एकाच वेळीं ऐकण्याची रीत रूढ होऊं लागली. २००७ सालीं लस्टिग, डोनोहो व पॉली यांनीं दाखविलें कीं, कांहीं स्वर मुद्दाम गाळले तरी गणिताच्या साह्यानें चित्र पुरें करतां येतें. परिचिताच्या पत्रांतील चार अक्षरें पुसट झालीं तरी आपण पत्र वाचतों, तसाच हा प्रकार. आतां हें वाचन हजारों चित्रांवरून शिकलेल्या गणकयंत्राकडे सोंपविलें जात आहे. यांत लाभ मोठा, तसा धोकाहि खरा आहे. पुसट अक्षराच्या जागीं आपण कधीं आपल्या मनचें अक्षर वाचतों. त्याचप्रमाणें गणकयंत्र एकादी खरी गांठ पुसूं शकतें, किंवा नसलेली खूण काढूं शकतें. म्हणूनच यंत्राच्या मागें जाणता वाचक हवा.

तिसरा प्रवाह लघुत्वाचा. आणि आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीनें तोच सर्वांत महत्त्वाचा. २०२० सालीं अमेरिकेंत ०.०६४ टेस्लाच्या, चाकांवरून रुग्णाच्या खाटेपाशीं नेतां येणाऱ्या यंत्रास मान्यता मिळाली. २०२४ सालीं हाँगकाँग विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं ०.०५ टेस्लाचें, सर्व शरीराचीं चित्रें काढणारें यंत्र जगापुढें मांडलें. त्याला फार तर १,८०० वॅट वीज लागते, म्हणजे घरांतील पाणी तापविण्याच्या गीझराइतकी. आणि तें भिंतींतल्या साध्या जोडणीवर चालतें. त्यास द्रव हेलियम नको, तांब्यानें मढविलेली खोलीहि नको. या क्षेत्रांत प्रोटॉनाचा स्वर सेकंदास सुमारें २१ लक्ष कंपनांचा, म्हणजे मध्यम लहरींच्या पट्ट्याच्या थोडासा पलीकडचा असतो. शेजारीं पंखा किंवा मोटर सुरू झाली कीं रेडिओंत खरखर येते, हें श्रोत्यांस ठाऊकच आहे. या यंत्रांत बाहेरची खरखर ऐकण्यासाठीं वेगळीं वेटोळीं बसविलेलीं असतात. ती खरखर ओळखून देहाच्या स्वरांतून वजा करण्याचें काम गणकयंत्र करतें.

यापासून प्रत्यक्ष रुग्णास काय मिळेल? पक्षाघाताचें उदाहरण घेऊं. मेंदूच्या रक्तवाहिनींतील गुठळी विरघळविण्याचें औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांत द्यावयाचें असतें. आणि रक्तस्राव झालेला नाहीं याची खात्री त्यापूर्वीं करावी लागते. ती खात्री बहुधा सी. टी. चित्रानें होते. परंतु रात्रीं धडधाकट निजलेला मनुष्य सकाळीं लुळा होऊन उठला, तर झटका केव्हां आला हें कसें सांगावें? २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय संशोधनांत अशा रुग्णांची निवड एम्. आर्. आय्. च्या चित्रांवरून करून त्यांना औषध देण्यांत आलें; तीन महिन्यांनंतर त्यांपैकीं शेंकडा ५३ जण उत्तम स्थितींत होते, तर औषध न मिळालेल्यांपैकीं शेंकडा ४२. तें काम मोठ्या यंत्रांनीं झालें. लहान यंत्राच्या एका चाचणींत पक्षाघाताच्या ५० रुग्णांपैकीं ४५ जणांच्या मेंदूंतील इजा दिसली. पांच जणांची दिसली नाहीं. हे पांच विसरून चालणार नाहीं, आणि ते पंचेचाळीसहि विसरून चालणार नाहीं. खामगांवच्या बाजारांत कापसाच्या गाड्या एका कांट्यावर तोलतात, चांदी दुसऱ्या. दोन्ही कांटे खरे, पण त्यांचीं कामें निराळीं. लहान यंत्रानें तातडीचा पहिला निर्णय द्यावा आणि शंका उरेल तेथें मोठ्याकडे पाठवावें, ही विभागणी शहाणपणाची होईल.

आपल्या देशांतहि उद्योग चालू आहे. मुंबईस पवई येथील 'समीर' या सरकारी संशोधन-संस्थेच्या पुढाकारानें १.५ टेस्लाचें स्वदेशी यंत्र तयार झालें, आणि त्याच्या चाचणीसाठीं २०२५ च्या मार्चमध्यें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेशीं करार झाला. बेंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्स या मंडळींनीं घडविलेलें दुसरें स्वदेशी यंत्र त्याच वर्षीं विदर्भांत, चंद्रपूरच्या कर्करोग-उपचार-केंद्रांत बसविण्यांत आलें. हेलियमची तूट आणि त्याची किंमत हीं या यंत्रांच्या खर्चाचीं मोठीं कारणें. पूर्वीं सुमारें १,५०० लिटर हेलियम घेणाऱ्या चुंबकास ७ लिटरांत भागविण्याची रचना २०१८ सालींच बाजारांत आली. स्वदेशी बांधणी आणि हेलियमची बचत हीं दोन्हीं साधलीं, म्हणजे खर्चाचा आंकडा खालीं यावयास हरकत नाहीं.

शेवटीं गृहस्थांसाठीं दोन व्यवहाराच्या गोष्टी. पहिली अशी कीं, मोठ्या यंत्राचा चुंबक चित्र काढीत नसतांनाहि जागाच असतो. मुंबईंतील एका रुग्णालयांत २०१८ च्या जानेवारींत प्राणवायूचें नळकांडें घेऊन आंत गेलेला एक तरुण त्याच्यासह यंत्राकडे ओढला जाऊन प्राणास मुकला. तेव्हां हृदयांत बसविलेलें यंत्र, शस्त्रक्रियेंतील पट्ट्या, डोळ्यांत कधींकाळीं गेलेला लोखंडाचा कण, यांपैकीं कांहींहि असल्यास तें आधींच सांगावें, आणि अंगावरील सर्व धातु बाहेर ठेवावा.

दुसरी गोष्ट अशी कीं, चित्र म्हणजे निदान नव्हे. १९९४ सालीं अमेरिकेंत पाठदुखीचा त्रास नसलेल्या ९८ माणसांच्या कण्याचीं चित्रें घेण्यांत आलीं, तेव्हां कण्यांतील सर्व चकत्या निर्दोष अशीं माणसें शेंकडा ३६ च निघालीं! ज्याची पाठ दुखत नाहीं त्याच्याहि चित्रांत दोष दिसतो. म्हणून चिठ्ठी हातीं पडल्यावर डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा: "चित्र असें आलें तर आपण काय कराल, आणि तसें आलें तर काय कराल?" दोन्ही उत्तरें एकच असतील, तर शंभर किलोमीटरांचा प्रवास थांबूं शकेल. उत्तरें निरनिराळीं असतील, तर मात्र वाट कितीहि लांब असो, विलंब करूं नये. आणि ती वाट आंखूड करण्याचें काम आतां शास्त्रज्ञांइतकेंच आरोग्यखात्याचें आणि आपणां सर्वांचें आहे.