वर्षअखेरची शर्यत आणि ‘ग्रेड वन’चा मान

कॅलिफोर्नियातल्या सांता अनिटा रेसकोर्सवर डिसेंबरअखेर मालिबू स्टेक्स धावते. सात फर्लांग, प्रवेश फक्त तीन वर्षांच्या घोड्यांना. उत्तर गोलार्धात रेसच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीलाच धरतात. म्हणजे हे स्पर्धक काही दिवसांतच चार वर्षांचे होणार! मे महिन्यातल्या केंटकी डर्बीला वयाची अट शोभते, तेव्हा घोडे कोवळे असतात. डिसेंबरात मात्र ते वयाने थोर घोड्यांशी सहज भिडू शकतात. तरीही मालिबूला ‘ग्रेड वन’ हा सर्वोच्च दर्जा आहे, आणि त्या शिक्क्याने पुढे प्रजननासाठी घोड्याचा भाव वधारतो. समर्थक म्हणतील, २०२१ मध्ये इथेच फ्लाइटलाइन हा घोडा साडेअकरा लेंग्थनी जिंकला. खरंय, पण त्याची थोरवी ठरली २०२२ मध्ये, थोरांना हरवल्यावर. माझ्या मते मालिबूला ‘ग्रेड टू’ पुरे.