अजगराचा सांभाळ : हौस, कायदा आणि कर्तव्य

पुसदची पूस नदी पुढे पैनगंगेला मिळते आणि पैनगंगा ओलांडली की माहूर लागते. दत्तात्रेयाच्या या क्षेत्राच्या परिसरात अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. भागवताच्या एकादश स्कंधात ती आहे आणि एकनाथांनी ती मराठीत आणली. पृथ्वी, वारा, समुद्र यांच्या पंगतीत तिथे अजगरही गुरू म्हणून बसला आहे. त्याच्याकडून घ्यायचा धडा असा : धावाधाव करू नये, समोर येईल त्यावर राहावे, आणि काहीच आले नाही तर स्वस्थ पडून राहावे.

प्राणिशास्त्राच्या कसोटीवरही हे निरीक्षण खरे उतरते. अजगर भक्ष्याचा पाठलाग करीत नाही. वाटेच्या कडेला, पालापाचोळ्यात, पाण्याच्या काठी तो दबा धरून पडतो. एक मोठे भक्ष्य मिळाले की त्याला कित्येक आठवडे पुरते, आणि मोठा अजगर काही महिने उपाशीही राहू शकतो. त्याचे नावच ‘अज’ म्हणजे बोकड गिळणारा असे आहे.

ज्या स्वस्थपणामुळे तो अवधूताचा गुरू झाला, त्याच स्वस्थपणामुळे आज तो ‘पाळता येण्याजोगा’ वाटू लागला आहे. परदेशातले कोणी दिवाणखान्यात बारा फुटी अजगर मांडीवर घेऊन बसलेले मोबाइलवर दिसते. इकडे पुसद, महागाव, उमरखेड या पट्ट्यात शेतात अजगर निघाला की ‘दोन दिवस ठेवू, लोकांना दाखवू, मग सोडू’ असे म्हणणारा एखादा भेटतोच. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे : हा प्राणी काही मागत नाही, तेव्हा तो सांभाळायला सोपा. ही समजूत कितपत खरी आहे, हे अजगर सांभाळण्याचा पुरता हिशेब मांडल्यावरच कळते.

कोणता अजगर, केवढा अजगर

भारतात तीन अजगर आढळतात. विदर्भासह देशाच्या मोठ्या भागात असतो तो भारतीय अजगर. ईशान्येकडे बर्मी अजगर सापडतो आणि निकोबार बेटांवर जाळीदार नक्षीचा अजगर. आपला अजगर साधारण तीन मीटरपर्यंत वाढतो, क्वचित त्याहून मोठा होतो. बर्मी अजगर पाच मीटरपर्यंत जाऊ शकतो. जाळीदार अजगर जगातला सर्वांत लांब साप मानला जातो. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे बंदिवासात असलेल्या एका मादीची लांबी २०११ मध्ये ७.६७ मीटर भरली आणि वजन दीडशे किलोच्या पुढे गेले. वजनात या सर्वांना मागे टाकतो तो दक्षिण अमेरिकेचा हिरवा अ‍ॅनाकोंडा.

पण हौशी माणूस विकत घेतो ते पिल्लू. ते दीड-दोन फुटांचे असते आणि मनगटावर सहज वेटोळे घालते. भरपूर खाऊ घातले तर बर्मी अजगराचे पिल्लू दोन-तीन वर्षांत दहा फुटांच्या घरात जाते. निर्णय घेतला जातो पिल्लाकडे पाहून आणि निभवावा लागतो पूर्ण वाढलेल्या जनावराबरोबर. पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

कायदा काय सांगतो

भारतीय अजगराच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच रांगेत, त्याचे नाव आहे. हौसेखातर तो पाळण्याचा परवाना नसतो. या कायद्यात ‘शिकार’ या शब्दात मारण्याबरोबर पकडणे आणि सापळ्यात अडकवणेही येते. त्यामुळे अजगर पोत्यात घालून घरी ठेवणारा माणूस स्वतःला प्राणिमित्र समजत असला, तरी कायद्याच्या लेखी तो गुन्हा करीत असतो. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या शिकारीच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे.

परदेशी सापांची गोष्ट अनेक वर्षे धूसर होती. आफ्रिकेतला बॉल पायथन किंवा अमेरिकेतला बोआ आपल्या जुन्या अनुसूचींत नव्हता, म्हणून तो चोरवाटांनी येत राहिला. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने असे प्राणी बाळगणाऱ्यांना स्वेच्छेने माहिती देण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘सायटिस’ करारातील प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आणले, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी त्यांची ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी बंधनकारक केली. अजगर आणि बोआ या कुळांतील साप या करारात येतात. म्हणजे परदेशी अजगर बाळगणाऱ्याने त्याचा जन्म, मृत्यू, हस्तांतर या साऱ्यांची नोंद शासनदरबारी करायची. कागद नसलेला साप ‘मित्राने दिला’ एवढ्यावर घरात राहू शकत नाही.

रोजची जबाबदारी

समजा, कागदपत्रे चोख आहेत. मग पुढे काय?

पहिली गरज जागेची. दहा फुटी सापाला अंग लांबवता येईल एवढी खोली हवी, डुंबायला पाण्याचे टाके हवे, लपायला अंधारा कोपरा हवा, आणि दाराला कुलूप हवे. साप बारीकशा फटीला डोके लावून रात्रभर जोर करू शकतो. ‘झाकणावर वीट ठेवली आहे’ हा बंदोबस्त नव्हे.

दुसरी गरज तापमानाची. अजगर शरीराची ऊब स्वतः राखत नाही, भोवतालातून घेतो. खोलीच्या एका टोकाला सुमारे ३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २६ अंशांच्या आसपास तापमान हवे, म्हणजे साप आपली जागा निवडतो. पुसदच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. रानातला अजगर त्या दिवसांत बिळाच्या गारव्यात असतो. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात सुब्रमण्यम भूपती यांनी केलेल्या अभ्यासात अजगर साळिंदराच्या बिळांत राहताना आढळले. टिनाच्या छपराखाली काचेच्या पेटीत ठेवलेल्या अजगराला असे बीळ नसते. वीज गेली की ती पेटी भट्टी होते. हिवाळ्यात उलटे संकट असते : अंगात ऊब कमी पडली की अन्न पचत नाही आणि फुप्फुसांचा संसर्ग जडतो.

तिसरी गरज अन्नाची. पोळी, दूध, अंडी यांवर अजगर जगत नाही. दूध हे सापाचे अन्नच नाही. त्याला पूर्ण प्राणी लागतो : आधी उंदीर, मग घूस, मग ससा. जिवंत उंदीर पेटीत सोडला तर घाबरलेला उंदीर सापालाच चावून जखमी करतो, म्हणून जबाबदार ठिकाणी आधी मारलेले भक्ष्य चिमट्याने देतात. ते साठवायला वेगळा फ्रीजर लागतो. भक्ष्य गिळल्यावर अजगराच्या शरीरात केवढी उलथापालथ होते, हे २००५ साली बर्मी अजगरांवर झालेल्या प्रयोगात दिसले. गिळल्यानंतर दोन दिवसांत त्यांच्या हृदयाचे स्नायू चाळीस टक्क्यांनी वाढले. या काळात त्याला हात लावला, उचलले, घाबरवले, तर तो गिळलेले ओकून टाकतो. फुगलेल्या पोटाच्या अजगराला ओढून फोटो काढणारे लोक त्याचे महिन्याभराचे जेवण वाया घालवत असतात.

चौथी गरज वैद्याची. गुरांचे डॉक्टर तालुक्याला असतात, पण सापांचे आजार ओळखणारे मोजकेच. त्यातच सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेला जिवाणूची बाधा माणसाला होऊ शकते. घरात तान्हे मूल किंवा आजारी माणूस असेल तर हा धोका वाढतो.

पाचवी गरज वर्षांची. बंदिवासातले अजगर वीस-पंचवीस वर्षे सहज जगतात. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथन मादीने वयाची साठी ओलांडल्यावर, २०२० मध्ये अंडी घातली. विशीतल्या मुलाने आणलेला साप त्याचे शिक्षण, नोकरी, लग्न आणि बदल्या यांतून त्याच्यासोबत जाणार असतो. मुलगा पुण्याला गेला की तो साप सांभाळायचा कोणी? बहुधा आईने.

शांत म्हणजे माणसाळलेला नव्हे

कुत्रा माणसाशी नाते जोडतो, अजगर तसे नाते जोडत नाही. तो माणसाच्या स्पर्शाला सरावतो इतकेच. त्याच्या ओठांवरच्या खळग्यांना उष्णता कळते, जिभेला वास कळतो. हाताला सशाचा वास लागला असेल, तर त्याच्या दृष्टीने तो हात नसून ससा असतो. अजगर विषारी नाही, पण त्याचा विळखा हेच त्याचे शस्त्र आहे. तो श्वास कोंडून मारतो, असे दीर्घकाळ मानले जाई. २०१५ साली बोआ सापांवरील प्रयोगात दिसले की विळख्याने काही सेकंदांतच भक्ष्याचे रक्ताभिसरण खुंटते. म्हणून मोठा साप हाताळताना किंवा त्याला खाऊ घालताना जाणकार एकटे राहत नाहीत, दुसरा माणूस जवळ ठेवतात.

हा नियम अनुभवातून आला आहे. २००९ साली फ्लोरिडात साडेआठ फुटी पाळीव बर्मी अजगर रात्री पेटीतून निसटला आणि घरातील दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. त्याला महिनाभर खायला मिळाले नव्हते, हे न्यायालयात पुढे आले, आणि घरातल्या दोन प्रौढांना शिक्षा झाली. २०१३ साली कॅनडात आफ्रिकी अजगर वायुवीजनाच्या मार्गातून निसटून दोन झोपलेल्या मुलांच्या मृत्यूला कारण ठरला. यात सापाला क्रूर म्हणण्यात अर्थ नाही. तो सापासारखा वागला. चूक कुलपाची, भुकेची आणि माणसाच्या गाफीलपणाची होती.

सोडून देणे हा सुटकेचा मार्ग नाही

सांभाळ झेपेनासा झाला की ‘रानात सोडून देऊ’ हा विचार येतो. त्याचे फळ फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स या पाणथळ प्रदेशाने भोगले आहे. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेले बर्मी अजगर तिथे सुटले, रुजले आणि वाढले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या रॅकून आणि ओपोसम या प्राण्यांचे दर्शन ९८-९९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्याच वर्षी अमेरिकेने या अजगराच्या आयातीवर बंदी घातली, पण तोवर फार उशीर झाला होता. परदेशी साप टिपेश्वर किंवा पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत सोडणे म्हणजे परका रोग आणि परका शिकारी एकाच पोत्यातून सोडणे.

आपलाच अजगर पकडून दूर सोडणेही निर्दोष नाही. फ्लोरिडातच सहा अजगरांना पकडलेल्या जागेपासून २१ ते ३६ किलोमीटर दूर सोडले, तर पाच जण पुन्हा मूळ जागेच्या पाच किलोमीटरच्या आत परतले. सापाला स्वतःचा मुलूख असतो. दूर सोडलेला साप घर शोधत रस्ते आणि वस्त्या ओलांडतो, आणि वाटेत मरू शकतो.

हेमलकसाचे उदाहरण

‘मग डॉ. प्रकाश आमटे कसे पाळतात?’ हा प्रश्न विदर्भात हमखास येतो. त्याचे उत्तर हेमलकसाच्या इतिहासातच आहे. १९७३ साली भामरागडच्या जंगलात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. शिकारीत आई मारली गेलेले माकडाचे पिल्लू घरी आले, आणि तिथून अनाथ प्राण्यांचा गोतावळा वाढला. विलास मनोहर यांच्या ‘नेगल’ या पुस्तकाने तो मराठी वाचकांच्या घरात पोहोचवला. पण तिथे कोणी हौसेसाठी प्राणी विकत आणला नाही. जे आले ते दुसरा आधार नसलेले होते. त्यांच्यासाठी माणसांनी आपले उभे आयुष्य त्या ठिकाणाला बांधून घेतले. पुढे त्या गोतावळ्यालाही केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेच्या चौकटीत यावे लागले. हेमलकसाचे फोटो सर्वांना आठवतात, त्यामागचे पहाटेपासूनचे कष्ट क्वचितच कोणी मोजतो.

पुसदच्या शिवारातले कर्तव्य

मग पुसदच्या माणसाने अजगराचा सांभाळ करायचाच नाही का? करायचा, पण त्याच्या जागी.

त्यातले पहिले काम ओळखीचे. अजगराचे पिल्लू आणि घोणस यांच्या अंगावरची नक्षी वरवर सारखी दिसते, आणि घोणस अतिविषारी आहे. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या कडेदार ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, खवले खरखरीत असतात आणि फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा मोठा असतो. अजगराचे अंग तुकतुकीत आणि ठिगळे वेडीवाकडी असतात. तरीही ‘अजगरच आहे’ या भरवशावर साप कधीही हाती घेऊ नये. शंका आली की लांब उभे राहावे.

दुसरे काम धुऱ्यांचे. ओढ्या-नाल्यांचे काठ, धुऱ्यावरची झुडपे, साळिंदराची जुनी बिळे ही अजगराची घरे आहेत. पेरणीपूर्वी धुरे सरसकट पेटवले की त्यांचा निवारा जातो. हाच अजगर घुशी, उंदीर आणि रानडुकरांची पिल्ले खातो, हे पिकाच्या हिशेबात धरायला हवे. शेळ्यांची पिल्ले मात्र त्याच्या तावडीत येऊ शकतात. त्यांना रात्री फटी नसलेल्या गोठ्यात कोंडावे. शेळी गमावलेल्या माणसाचा राग खोटा नसतो, आणि तो राग टाळण्याचा स्वस्त उपाय चांगले दार हाच आहे.

तिसरे काम निरोपाचे. अजगर घरात, विहिरीत किंवा जाळ्यात सापडला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, गर्दी आणि कुत्री लांब ठेवावीत, आणि प्रशिक्षित माणूस येईपर्यंत सापावर दुरून लक्ष ठेवावे. सर्पमित्राने तो लवकरात लवकर, जवळच्याच योग्य अधिवासात, वनविभागाला कळवून सोडावा. गळ्यात घालून मिरवणे हे सर्पमित्राचे काम नाही. आणि अजगर शेताच्या कडेला नुसता पडलेला असेल, पोट फुगलेले असेल, तर कोणालाच बोलावण्याची गरज नाही. दोन-चार दिवस ती बाजू टाळून काम करावे.

एका अजगराला घरात नीट सांभाळायचे तर खोली, वीज, ससे, डॉक्टर, कुलूप, दुसरा माणूस आणि पंचवीस वर्षे लागतात, आणि इतके देऊनही त्याला रानातले एक बीळ देता येत नाही. शिवारातल्या अजगराला आपल्याकडून यांतले काहीच नको असते. त्याला न जाळलेला धुरा हवा, आणि वाट सोडून उभा राहिलेला माणूस.