कयाकबांधणी

वल्हविणाऱ्याने पाय पुढे पसरून बसावयाच्या, वरून बहुतांशी झाकलेल्या व दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालविल्या जाणाऱ्या अरुंद नौकेस कयाक म्हणतात. शांत पाण्यावरील नौकाविहारासाठी सु. २.४ ते ३ मी. लांबीची, एका माणसाची लाकडी कयाक सुतारकामाची साधारण माहिती असलेल्या व्यक्तीस घरी बांधता येते. तथापि लांबी कमी केल्याने वेग, स्थैर्य व भारक्षमता या तिन्हींवर परिणाम होतो. म्हणून लघू कयाक ही मोठ्या कयाकची नुसती लहान प्रतिकृती नसते.

इतिहास : कयाक ही उत्तर ध्रुवीय प्रदेशातील इन्युइट, यूपिक व अल्यूत लोकांची शिकारीची नौका होय. वाहून आलेल्या लाकडांचा किंवा हाडांचा सांगाडा करून त्यावर सील वा सागरी सिंहाची कातडी ताणून बसवीत. नौकेची मापे शिकाऱ्याच्या शरीरावरून घेत : लांबी सु. तीन वाव, तर बैठकीची रुंदी नितंब अधिक दोन मुठी. ब्रिटिश वकील जॉन मॅग्रेगर यांनी १८६५ मध्ये ‘रॉब रॉय’ या ओक व सीडार लाकडाच्या सु. ४.६ मी. लांब नौकेतून यूरोपातील नद्यांवर प्रवास केला व या हौशी खेळास चालना मिळाली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कयाक शर्यतींचा समावेश झाला. प्लायवुडचे तक्ते तारेने शिवून व सांधे रेझिनाने जोडून नौका बांधण्याची पद्धत ब्रिटनमध्ये केन लिटलडाइक यांनी कयाकसाठी विकसित केली. १९६० नंतरच्या दशकात ‘मिरर’ या शिडाच्या छोट्या नौकेमुळे तिचा मोठा प्रसार झाला.

फळ्या शिवण्याची कल्पना भारताच्या पश्चिम किनाऱ्यास नवी नाही. तेथे काथ्याने शिवलेली गलबते प्राचीन काळापासून होती व या तंत्राने गोव्यात बांधलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाले. मात्र त्या जहाजात शिवण हाच कायमचा सांधा असतो; प्लायवुडच्या कयाकमध्ये तार केवळ रेझीन घट्ट होईपर्यंत तक्ते धरून ठेवते.

आकार व स्थैर्य : आर्किमिडीज यांच्या तत्त्वानुसार नौका आपल्या एकूण वजनाइतके पाणी बाजूस सारते. वल्हविणारा ७५ किग्रॅ., नौका १५ किग्रॅ. व सामान ५ किग्रॅ. धरल्यास गोड्या पाण्यात ९५ लि. विस्थापन व्हावे लागते. २.४ मी. लांब व ७० सेंमी. रुंद नौका त्यासाठी सु. १२ ते १४ सेंमी. बुडते, त्यापुढे दर १० किग्रॅ. भारामागे ती साधारणतः १ सेंमी. अधिक खाली जाते. म्हणून आराखडा निवडताना प्रथम वल्हविणाऱ्याचे वजन विचारात घेतात.

नौकेच्या सहज गाठता येणाऱ्या वेगाची मर्यादा जलरेषेवरील लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असते. ती लांबी २.३ मी. असल्यास ही मर्यादा ताशी सु. ६.८ किमी., तर ५ मी. असल्यास ताशी सु. १० किमी. येते. आखूड नौका लवकर वळते, पण प्रत्येक फटकाऱ्यागणिक तिचे टोक डावी-उजवीकडे जाते. यासाठी तळाच्या मागील भागी लहानसा उभा पंख बसवितात. प्रारंभिक स्थैर्य स्थूलमानाने रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. रुंदी ६० वरून ७० सेंमी. केल्यास ते सु. दीडपट होते. बैठक जितकी खाली तितका गुरुत्वमध्य खाली राहतो, म्हणून आसनाची जाडी २ ते ३ सेंमी. पेक्षा जास्त ठेवीत नाहीत.

सामग्री : सु. ४ मिमी. जाडीचे सागरी प्लायवुड वापरतात. भारतात त्यासाठी आय. एस. ७१० हे मानक आहे. २.४४ × १.२२ मी. मापाचे दोन तक्ते पुरतात. नौका तक्त्याच्या लांबीत बसत असल्यास जोड द्यावा लागत नाही. अन्यथा कडा जाडीच्या आठपट, म्हणजे ३२ मिमी., उतरत्या तासून एकमेकींवर चिकटवितात. याशिवाय तांब्याची तार, एपॉक्सी रेझीन, काचतंतूंचे कापड व पट्टी आणि काठासाठी हलक्या लाकडाच्या पट्ट्या लागतात.

बांधणी : तळाचे दोन व बाजूंचे दोन तक्ते कापून जोडीजोडीने रंध्याने सारखे करतात. कडेपासून सु. १ सेंमी. आत, १० ते १५ सेंमी. अंतरावर छिद्रे पाडून तारेने तक्ते शिवले की सपाट लाकूड वक्राकार घेते. या टप्प्यावर नौकेस पीळ पडलेला नाही ना, हे दोन्ही टोकांस आडव्या काठ्या ठेवून व त्या एका रेषेत पाहून तपासतात. रेझीन घट्ट झाल्यावर हा दोष काढता येत नाही. नंतर तारांच्या मधल्या जागी एपॉक्सीचे टिपके देऊन तारा काढतात, आतील कोपऱ्यांत लाकडाच्या पिठाने दाट केलेल्या एपॉक्सीची गोलाईदार भरणी करतात व तीवर काचतंतूंची पट्टी चिकटवितात. बाहेरील कडा गोल करून तळावर काचतंतूंचे कापड बसवितात. एपॉक्सी व तिचा घट्टकारक यांचे प्रमाण उत्पादकाने दिल्याप्रमाणे काटेकोर ठेवावे लागते. घट्टकारक वाढविल्याने मिश्रण लवकर सुकत नाही, उलट कच्चे राहते. दमट हवेत पृष्ठावर येणारा मेणचट थर पुढील लेप देण्यापूर्वी पाण्याने धुऊन काढतात. सूर्यप्रकाशात एपॉक्सीचा ऱ्हास होत असल्याने शेवटी रंग वा वॉर्निश देतात. रेझीन हाताळताना हातमोजे व घासकामात मुखपट्टी आवश्यक असते, कारण वारंवार संपर्काने त्वचेस कायमची अधिहृषता जडू शकते.

सुरक्षितता : उलटून पाण्याने भरलेली प्लायवुडची नौका स्वतः तरंगत राहिली, तरी माणसास आधार देण्याची क्षमता तिच्यात फारशी नसते. ती क्षमता पुढे व मागे आडवे पडदे घालून केलेल्या बंद कप्प्यांतून येते. कप्प्यातील १ लि. हवा जवळजवळ १ किग्रॅ. उत्प्लावक बल देते. कप्प्यांना फिरकीची झाकणे ठेवून उन्हात नौका ठेवताना ती उघडतात, अन्यथा तापून प्रसरण पावलेल्या हवेने सांधे उकलतात. नवी नौका प्रथम कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम उलटवून तीतून बाहेर पडण्याचा व ती भरलेली असताना धरून राहण्याचा सराव करतात. अशा कयाक तलाव, संथ नदी व बंदिस्त खाडी यांसाठीच योग्य असतात. पूर आलेली नदी व खुला समुद्र त्यांसाठी वर्ज्य होत. पोहता येत असले तरी प्राणरक्षक जाकीट घालणे आवश्यक असते.