पेट्रोलला वर चढवतं कोण?

प्रीमियर पद्मिनीची टाकी गाडीच्या शेपटाला आणि इंजिन तोंडाशी. मधे एक लांबलचक बारीक नळी. आता सांगा, पेट्रोल पुढे येतं कसं? विजेची मोटर नाही, उतारही नाही. इंजिनाच्या कुशीला मुठीएवढा पंप आहे खरा, पण तो पेट्रोल ओढतो म्हणालात तर फसलात!

पंपात एक लवचीक पडदा असतो, डायफ्राम. इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरणाऱ्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा एका दांडीला ढोसतो, दांडी पडद्याला खाली खेचते आणि पंपातला दाब जरासा उतरतो. बस्स, एवढंच. पुढची हमाली करते तुमच्याआमच्या डोक्यावरची हवा. ती टाकीतल्या पेट्रोलवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोचा भार टाकून बसलेली असते; समोर दाब कमी झाला की पेट्रोल तिकडे रेटते. शहाळ्यातलं पाणी नळीतून वर येतं तेही असंच. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर दांडी सेकंदाला २५ वेळा हलते.

पण हवेला टाकीत शिरायला वाट नको? म्हणून बऱ्याच जुन्या गाड्यांत टाकीच्या झाकणालाच बारीक भोक असतं. ते धुळीने बुजलं की मजा पाहा. गाडी झोकात सुटते, काही किलोमीटर जाते आणि आचके देत बंद पडते. जरा थांबलं की पुन्हा चालू! लोक पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर खोलतात, पंप बदलतात, आणि दोष असतो पार मागे. झाकण सैल करा. फुस्स करून हवा आत धावली आणि गाडी सुरळीत चालू लागली, तर चोर सापडला.

याहून लबाड दोष म्हणजे टाकी आणि पंप यांच्या मधे नळीला गेलेली चीर. पेट्रोल गळायला हवं ना? इंजिन चालू असताना ते गळेलच असं नाही. आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी, त्यामुळे हवाच आत घुसते. मिस्त्री म्हणतो, ‘एअर घेतेय.’ जमिनीवर थेंब नाही आणि पेट्रोल चढत नाही!

मे महिन्यात कसारा घाटात गाडी रुसते, तिथेही दाबाचाच खेळ. दाब उतरला की द्रव कमी उष्णतेतही उकळतो. तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते, आणि पडदा वाफेलाच दाबत-सोडत बसतो. पंपावर ओलं फडकं टाकायचा जुन्या ड्रायव्हरांचा तोडगा म्हणजे शुद्ध भौतिकशास्त्र. वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि गाडी घाट चढू लागते.

मला सगळ्यात थोर वाटते ती पडद्याखालची स्प्रिंग. पेट्रोल कार्बोरेटरकडे ढकलते ती हीच, दांडी नव्हे. कार्बोरेटरची वाटी भरली की आतला फ्लोट तरंगत वर येतो आणि सुई दार बंद करते. पेट्रोलला जागाच उरत नाही, पडदा खालीच अडतो, दांडी नुसती रिकामी हलत राहते. ना सेन्सर, ना तार, आणि लागेल तेवढंच पेट्रोल!

मग तपासायचं कसं? इंजिन गार असताना, कॉइलची तार काढून, कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून बाटलीत धरा आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ठोक्याठोक्याने जोरदार पिचकारी आली तर पंप आणि मागचं सगळं बहुधा ठीक, पुढे शोधा. नुसती धार ठिबकली किंवा बुडबुडे आले तर मागे चला. डिपस्टिकही हुंगून पाहा. पडद्याला छिद्र पडलं की पेट्रोल कधीकधी इंजिन ऑइलमध्ये उतरतं. तसा वास आला तर पंप दुरुस्त करून ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नका.

पुढे शोधायची वेळ आली, तर आधी फ्लोट बाहेर काढा. पोकळ पितळी असेल तर कानाशी धरून हलवा. आत खळखळलं, तर त्याला भोक पडलंय. असा फ्लोट बुडतो, सुई दार लावत नाही आणि तक्रारच उलटते: पेट्रोल ओसंडतं आणि गाडी काळा धूर ओकत सुटते.