अखेरच्या संन्यासिनीचा मठ

श्रावणात मंगेशीच्या सेवेस जाताना जुन्या गोव्यावरून आम्ही कैक वेळा गेलो; परंतु सांता मोनिकाच्या त्या अवाढव्य भिंतींआड पाऊल टाकले ते अलीकडेच. १६०६ साली आर्चबिशप मेनेझिस यांनी स्थापिलेला हा ख्रिस्ती संन्यासिनींचा मठ. त्याच्याच देवालयात २००२ पासून ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. रुपे, हस्तिदंत, जरीची वस्त्रे, सारेच पाहण्याजोगे. स्वतःच्या रक्ताने पिल्लांस पोसणाऱ्या रुप्याच्या पाणकोळ्यापाशी तर आमच्यातला कीर्तनकार रेंगाळलाच.

मन मात्र अडले ते निराळ्या ठिकाणी. १८३४ मध्ये पोर्तुगालने मठसंस्था मोडल्या. या स्त्रियांना कोणी हुसकावले नाही. केवळ नवी दीक्षा देण्यास मनाई झाली. सदाशिव पेठेतले वाडे ओस पडताना आम्ही पाहिले आहेत. पण त्यांची मुलेबाळे निदान दूरदेशी नांदत असतात. येथे एकेक आसन रिकामे होत गेले, ते पुन्हा भरलेच नाही. १८८५ साली अखेरची संन्यासिनीही निवर्तली. कीर्तनात मागे ध्रुपद धरणारा नसला की आमचा आवाज एका घटकेत खचतो. तिच्या प्रार्थनेला त्या शेवटच्या दिवसांत साथ कोणाची असेल?