लंगडणाऱ्या घोड्याची बिंदुपरीक्षा

लंगडणाऱ्या घोड्याचा नेमका कोणता सांधा दुखतो आहे, हे ताडण्यासाठी ॲक्युपंक्चर जाणणारे पशुवैद्य सुई टोचण्याआधी तिचे प्लॅस्टिकचे टोपण हाती घेतात आणि त्याचे बोथट टोक मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत, विशेषतः पाठीच्या कण्याला समांतर जाणाऱ्या ‘मूत्राशय वाहिनी’ या ॲक्युपंक्चरमध्ये मानलेल्या रेषेवरून, सारख्या दाबाने फिरवतात. एखाद्या बिंदूवर कातडी थरथरली, स्नायू आखडला, घोड्याने कान मागे पाडले किंवा अंग चोरले, तर तो बिंदू संवेदनशील मानला जातो. अशा अनेक बिंदूंचा मेळ घालून हॉक, म्हणजे मागील पायाच्या मध्यावरील सांधा, किंवा खूर यांविषयी अंदाज बांधला जातो. ही पद्धत प्राचीन म्हणून गौरवली जाते; चिनी अश्ववैद्यकावरचा यू बंधूंचा ग्रंथ १६०८ मधला आहेही. माणसाच्या शरीरावरील वाहिन्यांचे जाळे मात्र घोड्यावर बसवले गेले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ही बाब त्या गौरवात सहसा हरवते. शिवाय नीट न बसणारे खोगीर किंवा निव्वळ स्नायूदुखीही हीच प्रतिक्रिया उमटवू शकते. म्हणून सांधा काही काळ दुमडून धरून घोड्याला दुडक्या चालीने पळवण्याची चाचणी, टप्प्याटप्प्याने नस बधिर करणारी इंजेक्शने आणि क्ष-किरण तपासणी यांखेरीज निदान पक्के धरता येत नाही.