बोगद्याच्या दारात कोण थांबणार?

आजचा विषय आहे बोगद्यातली वाहतूक, आणि बोगद्यात शिरण्याआधी गाड्यांना मोजून सोडणारा एक साधा सिग्नल. त्याला रॅम्प मीटर म्हणतात.

पुण्याला बोगदे नवे नाहीत. जुन्या कात्रज घाटात एक आहे, बायपासवर नवा कात्रज बोगदा आहे. आता मात्र शहराच्या पोटातून बोगदा काढायची चर्चा चालू आहे. येरवडा ते कात्रज असा सुमारे २० किलोमीटरचा जुळा बोगदा पीएमआरडीएने चर्चेत आणलेला आहे. अशी योजना आली की आपण विचारतो, किती लेन, किती कोटी, किती मिनिटं वाचणार? मला आज एवढंच विचारायचंय, की गर्दीच्या वेळी त्या बोगद्याच्या दारात कोण थांबणार, आणि कुठे?

आधी थोडं गणित. घाबरू नका, गुणाकारच आहे. रस्त्यावरून तासाला किती गाड्या जातात हे दोन गोष्टींवर ठरतं: एका किलोमीटरमध्ये किती गाड्या आहेत, आणि त्या किती वेगाने चालल्यात. समजा एका लेनमध्ये किलोमीटरला २० गाड्या आहेत आणि वेग ताशी ८० आहे. वीस गुणिले ऐंशी, म्हणजे तासाला १६०० गाड्या. आता त्याच लेनमध्ये किलोमीटरला १०० गाड्या कोंबल्या आणि वेग ताशी १० वर आला, तर तासाला १००० गाड्या. रस्ता तोच, गाड्या पाचपट दिसतायत, पण पलीकडे पोचणाऱ्या गाड्या सहाशेनी कमी झाल्या.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे लगेच कळेल. पेरणीच्या वेळी पाभरीच्या चाड्यावर जी मूठ असते, ती बी एकसारखं सोडते. घाईघाईने ओंजळभर बी एकदम ओतलं, तर पेरणी लवकर होत नाही. नळी तुंबते आणि औत थांबवावं लागतं. रॅम्प मीटर म्हणजे चाड्यावरची मूठ.

बोगद्यात ही नळी लवकर तुंबते. दोन्ही बाजूंना भिंत जवळ असते, उजेड बदलतो, त्यामुळे चालक नकळत ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल करतो आणि पुढच्या गाडीपासून अंतर वाढवतो. चढ असेल तर भरलेला ट्रक आणखी मंदावतो. एकाने ब्रेक लावला की मागचा जरा जास्त लावतो, त्याच्या मागचा आणखी जास्त, आणि दहा-पंधरा गाड्यांनंतर कुणीतरी पूर्ण थांबतो. पुढे अपघात नाही, खड्डा नाही, तरी कोंडी! शिवाय बोगद्यात थांबणं म्हणजे धुरात थांबणं. आत आग लागली तर बाजूला उतरायला शेत नाही. म्हणून रांग लागायचीच असेल, तर ती बाहेर लागली पाहिजे.

हे अमेरिकेत साठेक वर्षांपूर्वी करून पाहिलंय. न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीखालून हॉलंड टनेल जातो. तिथे गाड्या येतील तशा आत सोडल्या, तेव्हा तासाला १,१७६ गाड्या पार झाल्या. मग नियम केला, दोन मिनिटांत ४४ गाड्याच सोडायच्या. त्या आधीच शिरल्या, तर पुढच्यांना पोलीस काही सेकंद थांबवायचा. आकडा गेला १,३२० वर. नवी लेन बांधली नाही की भिंत फोडली नाही, दारात थोडं थांबवलं एवढंच.

१९६३ मध्ये शिकागोच्या आयझेनहॉवर एक्सप्रेसवेवर हीच युक्ती रॅम्पवर आली. सुरुवातीला तिथेही पोलीसच उभा राहून एकेक गाडी सोडायचा, पुढे सिग्नल आला. आजचा सिग्नल असा चालतो: मुख्य रस्त्याखालचे किंवा खांबावरचे सेन्सर पुढे गर्दी किती आहे ते सतत मोजतात. गर्दी वाढली की रॅम्पवरचा लाल दिवा लांबतो, कमी झाली की आखडतो. एका हिरव्यात एक गाडी. चार सेकंदांना एक सोडली तर तासाला ९००, सहा सेकंदांना एक सोडली तर ६००. आधीच्या चौकातून सुटलेला वीस-पंचवीस गाड्यांचा घोळका एकदम घुसण्याऐवजी सुटा होऊन आत मिसळतो.

मग लोक याला विरोध का करतात? कारण थांबलेलं दिसतं, वाचलेलं दिसत नाही. मिनेसोटातल्या मिनियापोलिस-सेंट पॉल भागात असे सुमारे ४३० मीटर होते. लोक वैतागले, आणि २००० साली तिथल्या विधिमंडळाने ते काही आठवडे बंद ठेवून बघायला लावले. निकाल काय आला? महामार्गावरून जाणाऱ्या गाड्या ९ टक्क्यांनी घटल्या, प्रवासाचा वेळ २२ टक्क्यांनी वाढला आणि अपघात २६ टक्क्यांनी वाढले. मीटर परत सुरू झाले. पण लोकांची तक्रारही खोटी नव्हती, म्हणून रॅम्पवर कुणालाही चार मिनिटांहून जास्त थांबवायचं नाही अशी मर्यादा घातली गेली. हा दुसरा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आता पुण्याकडे येऊ. आपल्या बायपासवर नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. खाली रांग लागली की तिचं शेपूट उतारावर चढत जातं, आणि वरून ब्रेक तापलेला किंवा न्यूट्रलमध्ये टाकलेला ट्रक येतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री इथे एका अवजड वाहनाने डझनावारी गाड्यांना धडक दिली, ते तुम्हाला आठवत असेल. म्हणजे आपल्याकडे रांग कुठे लागते हा मिनिटांचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांना उतारावर थांबवण्यापेक्षा बोगद्याच्या अलीकडे, सपाटीवर, मोजून सोडणं केव्हाही बरं. खेड शिवापूरचा टोलनाका न ठरवता थोडंफार हेच करतो.

पुढचा पेच रॅम्पचा. चांदणी चौकाचं काम २०२३ मध्ये पूर्ण झालं, त्यात आठ रॅम्प आहेत. मीटर लावायचे, तर रॅम्पवर थांबणाऱ्या गाड्यांना जागा पाहिजे. ती नसेल तर रांग सर्व्हिस रोडवर सांडते आणि ज्यांना बायपासवर जायचंच नाही, दोन गल्ल्या पलीकडे भाजी आणायला जायचंय, तेही अडकतात. पीएमपीची बस अडकते, ॲम्ब्युलन्स अडकते. साताऱ्याहून मुंबईला जाणारा सुसाट, आणि वारजेकर दारातच ताटकळत, असं झालं तर ते यंत्र कितीही हुशार असो, अन्यायच करतंय.

एक चिठ्ठी आली आहे: "एका हिरव्यात एक गाडी हे पुण्यात जमेल का? इथे दुचाकी आहेत." रास्त शंका आहे. एका कारच्या जागेत तीन-चार दुचाकी मावतात आणि त्या लेन धरून उभ्या राहत नाहीत. म्हणून आपल्याकडे एकेक गाडी सोडण्यापेक्षा हॉलंड टनेलसारखं ठरावीक वेळाने ठरावीक गट सोडणं जास्त जमण्यासारखं आहे. मुंबईच्या कोस्टल रोडवर दुचाकींना बंदीच आहे. ते सोपं उत्तर झालं. पण दुचाकीवर चालणाऱ्या पुण्यात मग बोगदा नेमका कुणासाठी, हेही तेव्हाच सांगावं लागेल.

तेव्हा नव्या बोगद्याचा नकाशा समोर आला, की लेन मोजून झाल्यावर तीन गोष्टी जरूर विचारा. रांग उभी राहील ती जागा नकाशात कुठे दाखवली आहे? जास्तीत जास्त किती मिनिटं थांबवणार? आणि बस व ॲम्ब्युलन्स यांना रांगेच्या बाजूने वाट आहे का? सिग्नलचा खांब नंतरही रोवता येतो. थांबायची जागा एकदा बांधकाम झालं की मिळत नाही. म्हणून हे प्रश्न खोदकामाच्या आधी विचारायचे.